जावयाच्या गाडीची मागची दोन टायरं

जावयाच्या गाडीला मी मागची दोन टायरं मोठ्या नंबरची बसवली. त्याला न विचारता. तो माझ्याच घरात, माझ्याच पलंगावर, माझ्याच बायकोच्या हातचे धोंडे खाऊन झोपला होता तेव्हा.

आपल्या बाजूनंही दोन शब्द बोलता येतील, असं मला पुष्कळ दिवस वाटायचं. आता वाटत नाही. पण हकिगत सांगतो, म्हणजे तुमचं तुम्ही ठरवा.

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन आठ-दहा वर्षं झाली होती. रस्ते रुंद होत होते, आणि माणसं रस्त्यांपेक्षा जोरात रुंद होत होती. मी रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून रिटायर होऊन शंकर नगरातल्या घरी बसलो होतो. कारखान्यात माझी नोकरी चाकांची. वॅगनची चाकं मापायची, झिजलेली काढायची, जोडीला जोडी लावायची. त्यामुळे जगातल्या कोणत्याही चाकाबद्दल आपल्याला कळतं, असा माझा समज होता. बैलगाडी दिसली तरी मी खाली वाकून बघायचो.

एकुलती एक मुलगी नागपूरला दिलेली. जावई तिथल्या एका कारखान्यात इंजिनीअर. अबोल माणूस. त्याचं सगळं बोलणं त्या गाडीशी. गाडी जुनी, बाहेरच्या देशात बनलेली, दिसायला अगदी साधी. पण आत टर्बोचं इंजिन, आणि त्या इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चारही चाकांना जायचा. मोडक्या अवस्थेत कुठून तरी मिळालेली ती गाडी त्यानं दोन वर्षं खपून स्वतःच्या हातानं उभी केली होती. लग्नालाही तो घोड्यावर न बसता तीच चालवत आला. बाशिंग बांधून.

आणि इथे माझी जीभ वळवळली. पंगतीत, भर पाहुण्यांत, मी मोठ्यानं म्हणालो, "आम्ही तर पोट्टी इंजिनीअरले दिली होती. हा तं मिस्त्री निघाला!"

पंगत हसली. सगळ्यात जास्त मी हसलो. मग माझं लक्ष विहीणबाईंकडे गेलं. त्यांचा घास हातातच राहिला होता. जावयाचे वडील नागपुरातल्या एका गॅरेजात मिस्त्री होते, त्याच हातांनी त्यांनी पोराला इंजिनीअर केलं होतं, आणि लग्नाच्या आदल्याच वर्षी ते वारले होते. हे मला माहीत होतं. सोयरीक जुळवताना सगळं सांगितलं होतं त्यांनी. पण मला विनोद सुचला की बाकीचं आठवत नाही.

जावयानं पंगत नीट उरकली. पण नंतर तीन वर्षं त्यानं आमच्या घरात पाऊल टाकलं नाही. मुलगी यायची, ट्रेननं, एकटी. "यांना सुट्टी नाही मिळाली," असं म्हणून बॅग ठेवायची. बायको माझ्याकडे बघायची. मी पेपरकडे बघायचो.

मग अधिक वैशाख आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावतात, औक्षण करतात, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालतात, वाण देतात. या महिन्यात जावई म्हणजे विष्णू. बायकोनं महिनाभर आधीपासून नागपूरला फोन लावले. काय बोलली मला माहीत नाही. फोनच्या वेळेस मला भाजी आणायला पाठवलं जायचं. पण तो येतो म्हणाला. शनिवारी दोघं आले, त्याच गाडीतून.

पोहोचल्या पोहोचल्या मुलगी स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, यांना कसं आणलं ते माझं मला माहीत. या वेळेस काही झालं न, तर मी पण नाही येणार. मैं सीरियस हूँ, बाबा. मजाक नाही करून राहिली."

"मी काहून काही करीन?"

"तुम्ही फक्त बोलू नका," बायको कढईवरून मान वर न करता म्हणाली. "बाकी काही करा."

बाकी काही करा! या तीन शब्दांनी घात केला, असं मी पुढे बायकोला म्हणून बघितलं. तिनं ते मानलं नाही.

खरी अडचण ही, की मला माफी मागायची होती. तीन वर्षं मागायची होती. पण माझ्या तोंडात माफीचे शब्द येईपर्यंत त्यांचा विनोद होतो, आणि जावयाच्या बाबतीत आणखी एक विनोद परवडणार नव्हता. तेव्हा जे बोलून जमत नाही ते देऊन करावं, असं मी ठरवलं. बायकोनं वाणाला चांदीचं निरांजन आणि अनारसे काढून ठेवले होते. मला वाटलं, निरांजन घेऊन हा माणूस काय करणार? याला गाडीचं काहीतरी द्यावं.

रविवारी सकाळी मी गाडीभोवती फिरलो. मागची दोन टायरं मला पुढच्यांपेक्षा जास्त झिजलेली वाटली. वाण जोडीनं द्यायचं असतं. इथे जोडी आयती दिसत होती. टायरच्या अंगावर नंबर होता, २०५/५५ आर १६. म्हणजे रुंदी दोनशे पाच मिलिमीटर, उंची पंचावन्न मिलिमीटर, रिम सोळा इंची. मापं मी आयुष्यभर वाचलेली. मला काय शिकवायचं!

तो पंचावन्न आकडा मिलिमीटर नसतो. रुंदीच्या शंभर भागांपैकी पंचावन्न भाग, एवढी टायरची उंची. म्हणजे रुंदी वाढली की उंची आपोआप वाढते. हे पाचवीतल्या पोराला समजावं असं गणित आहे, आणि ते मला जमिनीवर बसून खडूनं करावं लागलं, तेही नंतर.

दुपारी धोंडे खाऊन जावई आडवा झाला. किल्ली फ्रीजवर होती. मायलेकी शेजारच्या बायकांना हळदीकुंकवासाठी बोलवायला गेल्या होत्या. मी गाडी काढली आणि थेट भनपुरीला गेलो. तिकडे सगळा ट्रकचा कारभार, टायरांचे डोंगर लागलेले असतात; टायर घ्यायचं तर भनपुरीलाच, असा आमच्या कारखान्यातल्यांचा जुना रिवाज. दुकानदार सरदारजी होता. त्याच्याकडे छोट्या गाड्यांची टायरं मोजकीच. दोनशे पाच नव्हतं. दोनशे पंचवीस/पंचावन्नची एक जोडी होती.

"बैठ तो जाएगा, अंकल," तो म्हणाला. "पर पीछे का शाफ्ट दिख रहा है, ये चारों पहिये वाली गाड़ी है ना? इसमें चारों एक नाप के डालते हैं. दो-चार दिन रुको, मँगवा देता हूँ."

दोन-चार दिवसांनी विष्णू नागपुरात असणार होता. आणि शिवाय मला कोण चाकं शिकवतंय! वॅगनच्या एका ॲक्सलवरची दोन चाकं अगदी सारखी लागतात, केसभराचा फरक चालत नाही. पण पुढच्या ॲक्सलची जोडी आणि मागच्या ॲक्सलची जोडी यांत थोडंफार इकडेतिकडे असलं तरी वॅगन बिचारी काही म्हणत नाही. कारण वॅगनच्या चाकांना कोणी फिरवत नाही. ती नुसती ओढली जातात, आपापल्या गतीनं फिरतात. या गाडीत पुढची आणि मागची चाकं आतून एकमेकांना बांधलेली होती. तेवढा एकच फरक मी विचारात घेतला नाही.

"सरदारजी, पूरी जिंदगी पहियों में निकाली है मैंने," मी म्हणालो. "जोड़ी मिलनी चाहिए बस. और रेस की गाड़ियों में पीछे के मोटे ही रहते हैं."

त्यानं माझ्याकडे, मग गाडीकडे बघितलं. "आपकी गाड़ी है?"

"हव," मी म्हणालो.

जुनी दोन टायरं मी त्यालाच देऊन टाकली. परतताना गाडी वळणावर जरा जड वाटली. मला वाटलं, नव्या टायरांचा रुबाब आहे.

संध्याकाळी बायकोनं औक्षण केलं, निरांजन दिलं, अनारसे दिले. मी जावयाचा हात धरून त्याला फाटकापाशी नेलं. टायरांना कुंकू लावून ठेवलं होतं. "जवाईबापू, हे माझ्याकडून," मी म्हणालो, आणि पुढे एक शब्द बोललो नाही. मला स्वतःचा अभिमान वाटला.

तो बघत राहिला. मग उकिडवा बसला आणि टायरवरचा नंबर बोटानं वाचला. एकदा, आणि परत एकदा. पुढच्या टायरकडे गेला, परत आला.

"जुने कुठे आहेत, मामाजी?"

"दिले. त्याचं काय करता?"

मुलगी दारात उभी होती. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "छान आहेत," तो म्हणाला. "तुम्ही कशाला त्रास घेतला."

मी इतका खूश झालो की रात्रीच्या जेवणात दोन अनारसे जास्त खाल्ले.

सोमवारी सकाळी मात्र तो म्हणाला की ते दोघं ट्रेननं जातायत. पाठ दुखतेय, इतक्या लांब गाडी चालवणं व्हायचं नाही, पुढच्या रविवारी येऊन गाडी घेऊन जाईन. जाताना किल्ली बायकोच्या हातात दिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "गाडी उभीच राहू द्या. चालवू नका."

बायको म्हणाली, "नाही हो, कोण चालवणार?"

मला ते लागलं. पाठ दुखते म्हणे! आदल्या दिवशी तर तो टायरांपाशी वाकून वाकून बघत होता. मी ताडलं की माझं वाण त्याला नको आहे. माणूस अजून पंगतीतच अडकलाय, मी दिलेल्या टायरांवर बसायचंही त्याला नको. वैशाखाच्या झळा खात ट्रेननं जाईल, पण सासऱ्याचं घेणार नाही! दुपारपर्यंत मी हे मनात घोळवून घोळवून चांगलं आंबवलं. आणि मग बायकोचा डोळा लागल्यावर किल्ली घेतली. बघू तरी, काय वाईट आहे या टायरांत.

तेलीबांध्याच्या तळ्यावरून पुढे, नवं रायपूर वसत होतं त्या बाजूला, रस्ता मोकळा होता. सरळ रस्त्यावर गाडी अशी निघाली की रिटायर झालेल्या माणसानं ते अनुभवू नये. वळणावर मात्र ती अडायची. कोणी मागून शेपूट धरून ठेवल्यासारखी थांबायची, झटका द्यायची, परत निघायची. मी यू टर्न घेतला तेव्हा मागून कण्हल्यासारखा आवाज आला. मग वास. जळक्या तेलाचा, कढईत विसरलेल्या फोडणीसारखा. कारखान्यात असा वास आला की आम्ही आधी गाडी थांबवायचो. इथे मी थांबलो नाही. वाटेत थांबलो आणि परत सुरू झाली नाही तर फाटकात नसलेली गाडी बायकोला दिसेल, एवढीच भीती डोक्यात होती. तसाच दामटत घरी आणली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला, पोहोचलो म्हणून. बायकोनं फोन माझ्याकडे दिला.

"बाबा, नाराज आहात का? हम लोग ट्रेन से आ गए इसलिए?"

"मी काहून नाराज होऊ? नको असलेली वस्तू माणूस नाही वापरत."

तिनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "नको म्हणून नाही, बाबा. यांच्या गाडीला चारही चाकं सारखी लागतात. मागची मोठी झाली तर आतला एक पार्ट सारखा घासत राहतो, गरम होतो, जळतो. तो पार्ट इकडे मिळतही नाही. हे म्हणाले, बाबांनी इतक्या हौसेनं दिलंय, सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल. आपण ट्रेननं जाऊ, मी पुढच्या आठवड्यात जाऊन गुपचूप बदलून घेईन. पण हे मी तुम्हाला सांगितलं, असं त्यांना सांगू नका."

फोन ठेवला. बायकोनं विचारलं, "काय म्हणाली?"

"पोहोचले म्हणाली."

दुसऱ्या दिवशी मी खडू घेतला. पुढच्या टायरवर एक रेघ, मागच्यावर एक रेघ, फरशीवर दोन. गाडी न्यूट्रलला टाकून ढकलली. बायकोलाही ढकलायला लावलं. काय चाललंय ते न सांगता. पुढच्या चाकाचा एक फेरा जिथं पुरा झाला तिथं खूण केली, मागच्याचा पुरा झाला तिथं दुसरी. मागचं चाक एका फेऱ्यात चार बोटं जास्त चाललं होतं. एका फेऱ्यात चार बोटं. मी तेलीबांध्याच्या पुढे जाऊन आलो होतो. किती फेरे झाले असतील हा हिशेब मी मुद्दाम केला नाही.

"आता सांगाल का काही?" बायको धापा टाकत म्हणाली.

मी सांगितलं. सगळं. ती फरशीवरच बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पोरीनं सांगितलं होतं, काही झालं तर ती पण नाही येणार." आणि उठून आत गेली.

चार दिवस मी फोन हातात घेऊन फिरलो. दोनदा लावला. एकदा विहीणबाईंनी उचलला. मी नागपुरात ऊन किती आहे विचारून ठेवून दिला. न सांगून भागणार नव्हतं. तो रविवारी येणार, टायरं बदलणार, आणि गाडी आतून जळालेली आहे हे माहीत नसताना तीनशे किलोमीटर निघणार, सोबत आली तर बाजूला माझी मुलगी बसवून. वाटेतल्या देवरीच्या जंगलात कुठं गाडी अडून बसली तर? शुक्रवारी बायकोनं नंबर लावला आणि फोन माझ्या कानाला धरून उभी राहिली.

मी म्हणालो, "जवाईबापू, मी गाडी चालवली."

पलीकडे टीव्ही बंद झाला.

"किती किलोमीटर?"

"वीस-बावीस. आणि आधी भनपुरीहून आणली ती वेगळी."

"वळणं?"

"घेतली. एक यू टर्न."

"वास आला?"

"आला."

"मग थांबले तुम्ही?"

"नाही."

मला वाटलं फोन कटला. मग तो म्हणाला, "बरं. येतो मी रविवारी." त्या 'बरं'मधून काही कळायची सोय नव्हती. शनिवारी मुलीचा फोन आला नाही. दर शनिवारी यायचा.

रविवारी तो एकटाच आला. मी स्टेशनवर घ्यायला गेलो होतो; उतरला तेव्हा त्याच्या एका खांद्यावर एक टायर, दुसरं सुतळीनं बांधून हातात. दोनशे पाचची, पण जुनी, अर्धी झिजलेली. ती त्यानं आठवडाभर नागपूर पालथं घालून शोधली होती. पुढची दोन झिजलेली आहेत, तेव्हा मागची नवीकोरी घातली तरी फेऱ्यात फरक पडतो. हे त्यानं मला सांगितलं नाही. मी आता मापं घ्यायला शिकलो होतो, माझं मला कळलं. घरी येईपर्यंत ऑटोत आम्ही दोघं आणि मध्ये ती टायरं.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून टायरं बदलून झाली. मग त्यानं गाडी जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली, जुनी चादर पसरली आणि खाली शिरला. वर ऊन मी म्हणत होतं. बायकोनं पन्हं आणून ठेवलं आणि मला डोळ्यांनीच बजावलं. मी त्याच्या बुटांजवळ उभा राहिलो. खालून तेल काढल्याचा आवाज आला. मग एक हात बाहेर आला, बोटं काळीकुट्ट, आणि त्या काळ्यात उन्हात चमकणारी धातूची कणी. तो वास पुन्हा आला.

"गेला का तो पार्ट?" मी विचारलं.

"उघडल्याशिवाय नाही सांगता येत."

आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. समोर चेहरा नव्हता, नुसते बूट होते. बुटांशी बोलणं सोपं जातं. "जवाईबापू," मी म्हणालो, "लग्नात मी ते बोललो. तुमच्या वडिलांचं मला माहीत होतं. माहीत असून बोललो. तुमच्या आईच्या समोर. मी चुकलो. तेव्हाही चुकलो, आणि आता हे टायरांचंही..." इथे मला एक विनोद सुचला होता. मी तो गिळला.

खाली पान्याचा आवाज थांबला होता. बूट हलले नाहीत. शेजारच्यांच्या कूलरमध्ये पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"सतरा नंबरचा पाना द्या," तो खालून म्हणाला.

मी घाईघाईनं पेटीतून काढून त्याच्या हातात ठेवला. हात आत गेला. क्षणभरानं तोच पाना घेऊन परत बाहेर आला, आणि पाठोपाठ तोही घसरत बाहेर आला, कपाळावर तेलाचा ओघळ, डोळे माझ्यावर. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्याकडे सरळ बघत होता.

"हा एकोणीस आहे, मामाजी," तो म्हणाला. "ज्या वस्तूवर आकडा लिहिला असन न, तिले तुम्ही हातच नका लावत जाऊ."